पहिल्या जूनची मुले

एकतीस वर्षांच्या नोकरीत विनोदिनी गावस यांनी शाळेच्या जनरल रजिस्टरात किती मुलांची नावे लिहिली, हे त्यांना सांगता आले नसते. त्यांतल्या सात मुलांच्या जन्मतारखा आपण खोट्या लिहिल्या, हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते. त्याची त्यांना लाज वाटत नव्हती. २०२४च्या ऑगस्टपर्यंत तर तो आपल्या हातून घडलेला एक लहानसा उपकार आहे, असेच त्या मानत.

त्यांची शाळा डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यात होती. दोन खोल्या, दोन शिक्षिका, आणि समोरच्या रस्त्यावरून खनिज भरून जाणाऱ्या ट्रकांची रांग. फळा पुसला की फडके पांढरे न होता तांबडे होई. गावातली मुले बालरथाच्या सरकारी बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जाऊ लागली तशी मराठी शाळेची पटसंख्या घसरत गेली. २००९ साली भागशिक्षणाधिकारी तपासणीला आले आणि जाताना म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी पट एवढाच राहिला तर ही शाळा शेजारच्या शाळेत विलीन होणार. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

विनोदिनीबाई रडत गेल्या नाहीत. मे महिन्याच्या उन्हात त्या खाणीवरच्या मजुरांच्या खोल्या फिरल्या. खानापूर, चंदगडकडून आलेली कुटुंबे तिथे राहत. मुले होती, पण पाच वर्षे पूर्ण असण्याच्या अटीत बसत नव्हती. कुणाला पाच महिने कमी पडत, कुणाला सात. या मुलांचा जन्म आईच्या माहेरी, घरातच झालेला; जन्मदाखला कुणाकडे नाही. बाईंनी त्यावर तोडगा काढला. जे मूल कमी पडेल त्याची तारीख १ जून लिहायची आणि वर्ष अटीत बसेल असे धरायचे. चार वर्षांत अशी सात मुले झाली. त्यांतले एक गावातल्याच सुविधा मळीक यांचे. मुलगा निहार डिसेंबरातला, जन्म घरीच, नोंद राहून गेलेली. "आणि एक वर्स घरांत बसवन करू काय त्याका?" असे म्हणत सुविधाने स्वतःच त्याला शाळेत आणून बसवले होते.

तुषार गुरव आला तो २०११च्या जूनमध्ये, आई रत्नाच्या कडेवर बसून.

"कधीचा जन्म?" बाईंनी विचारले होते.

"पाडव्याला झालाय ओ. दिवाळीचा पाडवा. पाचवी दिवाळी येतीय आता."

बाईंनी मनात हिशेब केला. ऑक्टोबर २००६. साडेचार वर्षांचे पोर. त्यांनी १ जून २००६ असे लिहिले, पोराच्या हातात खडू दिला आणि त्याने तो खाल्ला. शाळा त्या वर्षी वाचली. पुढच्याच वर्षी खाणी बंद पडल्या, खोल्या रिकाम्या झाल्या, आणि अखेरीस शाळाही विलीन झाली. रजिस्टर मात्र शिक्षण खात्याच्या कपाटात सुरक्षित राहिले. मुलांची आधार कार्डे शाळेच्या दाखल्यावरून निघाली, त्यामुळे तीच तारीख सगळीकडे पोचली.

खाणी बंद झाल्यावर तुषारचा बाप गावी गेला तो परतला नाही. रत्ना पेडण्याकडे सरकली. मोपाच्या पठारावर विमानतळाचे काम सुरू झाले तेव्हा ती तिथे सिमेंटची घमेली वाहत होती. विमाने उतरू लागली तेव्हा एका हॉटेलात लाद्या पुसत होती. तुषारने नववीत शाळा सोडली. विमानतळाच्या जोडरस्त्यालगतची जमीन विकत घेणाऱ्यांना तिच्यावर राहणारी माणसे नको असत. ती हटवून देण्याचे काम बाबली नावाचा एक गृहस्थ करीत असे. त्याच्याकडे पोरे होती, स्कूटर होत्या, आणि कायद्याचे एक कलम त्याला तोंडपाठ होते. हत्यार तो नेहमी अठराच्या आतल्या पोराच्या हातात देई. "तुका कांय जावचें ना," तो सांगे. "जास्तीत जास्त सुधारगृह. थंय टीव्ही आसा."

९ ऑगस्ट २०२४च्या सकाळी पाच पोरे, कूळ म्हणून जमीन कसणाऱ्या विनायक परबच्या काजूच्या बागेत शिरली. विनायकने बाग सोडायला दोनदा नकार दिला होता. कोयता तुषारकडे होता, कारण पाचांत अठराच्या आतला तोच एकटा, अशी बाबलीची आणि त्याची स्वतःचीही समजूत होती. आईने त्याला जन्मापासून पाडव्याचा म्हणूनच वाढवले होते. विनायकचा उजवा पंजा मनगटापासून लोंबला. डॉक्टरांनी तो जोडला. बोटे पुन्हा वळली नाहीत.

तुषार पळाला नाही. पोलिसांना त्याने सगळे आपल्या अंगावर घेऊन सांगितले, कोयता कुठे टाकला तेही दाखवले, बाबलीचे नाव घेतले नाही, आणि शेवटी, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, हसून म्हणाला, "साहेब, मी सतराचा आहे." साहेबांनी त्याचे आधार कार्ड मागवले. त्यावर तो अठरा वर्षे दोन महिने आठ दिवसांचा होता. त्याची रवानगी कोलवाळच्या तुरुंगात झाली.

*

रत्ना विनोदिनीबाईंच्या घरी आली तेव्हा तिच्याबरोबर योगिता शेट्ये नावाची तरुण वकील होती, मोफत कायदा साहाय्याकडून मिळालेली. बाईंना निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती. रत्नाने चहाला हात लावला नाही.

"बाई, तुम्हीच लिवलासा की ओ ती तारीख. आता तुम्हीच सांगा."

"हाडांची तपासणी झाली ना?" बाईंनी वकिलाला विचारले.

"झाली, टीचर. अहवाल सांगतो, सतरा ते एकोणीस. म्हणजे काहीच सांगत नाही," योगिता म्हणाली. "कायदा आधी शाळेचा दाखला बघतो. दाखला खोटा ठरला तरच पुढचं. तो खोटा आहे हे सांगू शकणारी एकच व्यक्ती आहे."

"आणि मी सांगितलं तर?"

"तो बाल ठरला तर खटला बाल न्याय मंडळाकडे जाईल. तीन वर्षांच्या वर कुठे ठेवता येणार नाही. नाही ठरला तर दहा वर्षंही होतील, जास्तही." तिने फाईल मिटली. "आणि ती दहा वर्षं तो बाबलीच्या माणसांत काढील."

बाईंनी साक्ष द्यायचे कबूल केले. ही बातमी कशी फुटली याचा नीट पत्ता लागत नाही, पण चौथ्या दिवशी सुविधा मळीक सोप्यावर येऊन बसली. निहार दोन वर्षांपूर्वी पोलिसात भरती झाला होता. भरतीच्या दिवशी तो कागदावर अठरा पूर्ण होता. खरे वय त्याहून सहा महिने कमी.

"बाई, त्या घाट्याच्या पोरान माणसाचो हात तोडल्यान," सुविधा म्हणाली. तिचे माहेर पेडण्याचे, बोली अजून तिथलीच. "माझ्या झिलान कोणाचा काय केल्यान?"

"काही नाही केलं."

"मगे? एकाचा सांगा. बाकीच्यांचा नाव कित्याक काढतात? युनिफॉर्म घालून येता तेव्हा तुमच्याच पायांक हात लावता मां तो?"

"मला कुणी विचारलं नाही तर मी आपणहून बोलणार नाही, सुविधा."

"विचारल्यानी तर?"

बाई काही बोलल्या नाहीत. सुविधाने तेवढ्यावरच होकार धरला आणि ती उठली. पुढच्या आठवड्यात आणखी दोन घरांतून फोन आले. एक मुलगी परिचारिका होती, एक मुलगा परदेशी जहाजावर. सगळ्यांचे मागणे एकच होते, आणि ते मागताना सगळे बाईंच्या शिकवण्याची स्तुती करीत.

२०२५च्या जानेवारीत सत्र न्यायालयात वयाची चौकशी झाली. बाईंनी शांतपणे सांगितले की तुषार गुरवची तारीख आपण पट राखण्यासाठी पाच-एक महिने मागे लिहिली. सरकारी वकिलांनी खात्याकडून मागवलेले रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवले.

"बाई, या चार वर्षांत तुमच्या शाळेत बावीस प्रवेश झाले. त्यांतली सात मुलं १ जूनला जन्मली. तुमच्या गावात १ जूनला काही मुहूर्त असतो का?"

न्यायालयात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत.

"या सातांतल्या किती तारखा खोट्या?"

समोरच्या पानावर त्यांचेच टपोरे, गोलाकार अक्षर होते. सातव्या ओळीत निहार मळीक. दाराजवळच्या बाकावर रत्ना बसली होती, आणि तिच्यामागे, तोंडावर पदर धरून, सुविधा.

"एकच," बाई म्हणाल्या.

"उरलेल्या सहा खऱ्या?"

"खऱ्या."

"योगायोगानं?"

"हो."

सरकारी वकील खाली बसले. त्यांना आणखी काही विचारायची गरज उरली नव्हती. तीन आठवड्यांनी निकाल आला. साक्षीदार एका माजी विद्यार्थ्याबद्दलच्या कळवळ्याने बोलत असून तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही, सबब शाळेच्या नोंदीप्रमाणे आरोपी घटनेच्या दिवशी सज्ञान होता. सात तारखा खोट्या असे त्या म्हणाल्या असत्या तर सारे रजिस्टरच कोसळले असते. एकच खोटी म्हटल्याने ते आधी होते त्याहून भक्कम झाले.

बाहेर व्हरांड्यात विनायकची बायको क्षमा उभी होती. नवऱ्याच्या शर्टाची गुंडी लावून देत ती बाईंना म्हणाली, "तुमी ताचें वय सोदतात. म्हज्या घोवाचो हात कोण सोदतलो?"

विनायक मान खाली घालून आपल्या बोटांकडे पाहत राहिला. तुषारचे वय शोधायला धावपळ करणाऱ्यांपैकी कुणीच त्या बागेत कधी गेले नव्हते.

*

मार्चमध्ये रत्ना तुरुंगातून भेट घेऊन थेट बाईंच्या घरी आली.

"नवी चप्पल हाय त्याच्या पायात. इचारलं कुणी दिली, तर म्हणतोय बाबलीदादानं. साबण त्याचा, वरणाची जादा वाटी त्याची. पोरगं जाड झालंय ओ, बाई. माझ्याकडं असताना कधी जाड झालं न्हवतं."

त्या दिवशी बाईंनी कर्नाटकातल्या खानापूरला जायचे ठरवले. रत्नाचे माहेर जंगलाच्या कडेला. तिथवर दिवसातून दोनच बस जात. जन्माची नोंद नव्हती हे ठाऊकच होते. सुईण वारली होती. पण अंगणवाडीची एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात वाळवीतून वाचलेल्या जुन्या वह्या, कानडीत लिहिलेल्या. अंगणवाडी सेविका एकेक नाव मोठ्याने वाचत गेली. पूरक आहार घेणाऱ्या गरोदर बायकांच्या यादीत २००६च्या ऑगस्टला, सातवा महिना या रकान्यात, रत्नाचे नाव निघाले. बाईंचा एवढ्यावर विश्वास बसला नाही. त्या गावात एकूण किती रत्ना होत्या, हे त्यांनी विचारले; दोन होत्या. नवऱ्याचे नाव तपासले, बापाचे नाव तपासले, दुसरी रत्ना त्या वर्षी अविवाहित होती हेही विचारून घेतले. मगच त्यांनी वहीच्या पानाची प्रमाणित प्रत काढून घेण्याची व्यवस्था केली. ऑगस्टमध्ये जी बाई सात महिन्यांची गरोदर आहे तिचे मूल १ जूनला जन्मलेले असू शकत नाही.

योगिताने ती प्रत दोनदा वाचली. "टीचर, हे चांगलं आहे. पण उच्च न्यायालय पहिला प्रश्न हाच विचारणार, आधी खोटं का बोललात? प्रतिज्ञापत्रात सातही मुलांची नावं यायला हवीत."

सही करायच्या आदल्या सकाळी बाई मळिकांच्या घरी गेल्या. आपण काय करणार आहोत हे कुणाला कागदावरून कळू नये, एवढे तरी त्यांना करायचे होते. सुविधाने त्यांना बसायला सांगितले नाही.

"सांगल्यात, आता चला," ती दारातूनच म्हणाली. "आणि ह्या घराकडे परत वळा नकात."

निहार मागच्या दारी बुटांना पॉलिश करीत होता. तो तसाच, एका हातात बूट घेऊन, पुढे आला.

"बाई, मी तेव्हा साडेचार वर्षांचा होतो. मी कुठे सांगितलं होतं तुम्हाला, माझं वय वाढवा म्हणून?"

"नव्हतं सांगितलंस."

"मग माझं वय तुम्ही वाढवलंत, आणि आता तुम्हीच कमी करताय."

बाई परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी साती नावे लिहून खाली सही केली.

उच्च न्यायालयाने फेरचौकशीचा हुकूम दिला. फेरचौकशीला तारीख मिळाली, ती पुढे ढकलली गेली, कधी सरकारी वकील रजेवर, कधी रजिस्टर खात्यातून आलेले नाही. तुषार गुरव गुन्ह्याच्या दिवशी सतरा वर्षे नऊ महिन्यांचा बालक होता, हे २०२६च्या जानेवारीत सिद्ध झाले. तोवर तो एकोणीस पूर्ण झालेला होता आणि सतरा महिने प्रौढांच्या तुरुंगात राहिला होता. दरम्यान निहारला निलंबित करून त्याची चौकशी सुरू झाली होती, आणि खात्याने विनोदिनीबाईंवरही चौकशी लावली होती.

बाल न्याय मंडळापुढे तुषार उभा राहिला तेव्हा महिला दंडाधिकाऱ्यांनी कागदावरून डोके वर काढून त्याला दोनदा पाहिले. मिशी आलेला, भरल्या अंगाचा तरुण. भिंतीवर लहान मुलांनी काढलेली चित्रे चिकटवली होती आणि त्याला बसायला दिलेले बाक त्याच्या गुडघ्याएवढे होते. भोगलेला काळ पुरेसा धरून एक वर्ष देखरेखीखाली सोडावे, असे मंडळाचे मत पडले. अट तीन गोष्टींची: दर सोमवारी परिवीक्षा अधिकाऱ्यापुढे हजेरी, पेडण्यात एसी दुरुस्तीचे प्रशिक्षण, आणि एक जबाबदार पालक.

"आई दिवसभर कामाला असते," एक सदस्य म्हणाले. "घरी दुसरं कुणी?"

विनोदिनीबाई उठल्या. "मी जबाबदारी घेते. तो माझ्या घरी राहील."

सदस्यांनी कागद चाळले. त्यांचा आवाज सौम्य होता. "बाई, तुमच्यावर खोट्या नोंदींबद्दल चौकशी चालू आहे. कायद्यानं योग्य व्यक्ती म्हणून तुम्हाला नेमता येणार नाही. तुम्हीच ते शपथेवर लिहून दिलंय."

तुषारला आईच्या स्वाधीन करण्यात आले. पायऱ्यांवर तो बाईंपाशी थांबला. पाया पडला नाही, उद्धटपणेही बोलला नाही.

"निहारची नोकरी गेली?"

"चौकशी चालू आहे."

"म्हणजे जाणार." तो जरा हसला. "पहिल्यांदाच सांगितलं असतंत, बाई, तर त्याचीही तेव्हाच गेली असती, आणि मी आत सहाच महिने राहिलो असतो. सहा महिन्यांत माणूस थोड्यांनाच ओळखतो. सतरा महिन्यांत सगळ्यांना ओळखतो."

"एसीचं काम शीक, तुषार. विमानतळावर, हॉटेलांत, सगळीकडे लागतं."

"शिकतो की," तो म्हणाला.

तीन सोमवार त्याने हजेरी लावली. चौथ्या सोमवारी तो आला नाही, पाचव्यालाही नाही. प्रशिक्षणाला तर तो दहाच दिवस गेला होता. रत्नाचा फोन लागत नव्हता, म्हणून परिवीक्षा अधिकाऱ्याने दुपारी विनोदिनीबाईंना फोन केला. तो कामसू, थकलेला माणूस होता. त्याच्याकडे अशी चाळीसहून अधिक मुले होती.

"बाई, तुमच्या कानावर काही? गावी गेला असेल, आजारी असेल, तसं काही असेल तर मी थोडे दिवस ओढून धरू शकतो. मला काहीतरी लिहायला हवं."

गावी गेलाय, एवढे म्हणणे पुरेसे होते. रत्नाचा भाऊ खानापुरात होता. कुणी तपासायला गेले नसते. अधिकाऱ्यालाही तेच ऐकायचे होते, हे त्याच्या स्वरावरून कळत होते. बाईंनी रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"मी त्याला पाहिलंय," त्या म्हणाल्या. "गुरुवारी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला. मोपाच्या जोडरस्त्यावर. काचेवर बाबलीचं नाव असलेल्या काळ्या जीपमध्ये, पुढच्या सीटवर."

"नक्की तोच?"

"नक्की. मी बसमध्ये होते, बस उभी होती. त्यानंही मला पाहिलं."

अधिकाऱ्याने आवाज खाली आणला. "हे नोंदवलं तर मंडळ त्याची मोकळीक रद्द करणार, हे लक्षात येतंय ना तुमच्या?"

"येतंय."

"तुमचं नाव गुप्त ठेवू शकतो."

"नको. घाला."

दुसऱ्या दिवशी अधिकारी जबाब घेऊन घरी आला. बाईंनी तो वाचला, "गुरुवारी"च्या पुढे तारीख नव्हती ती स्वतःच्या हाताने घातली आणि सही केली. मग त्या पेडण्याला गेल्या आणि हॉटेलच्या मागच्या दारी रत्नाची पाळी सुटेपर्यंत उभ्या राहिल्या. रत्नाने सगळे ऐकून घेतले. तिच्या हातात ओले फडके होते. ते तिने पिळून बादलीच्या काठावर टाकले आणि ती आत निघून गेली.

शनिवारी पोलिसांनी तुषारला जोडरस्त्यावरून उचलले. जीपमध्ये त्याच्याबरोबर आणखी दोन मुले होती. त्यांतले एक पंधरा वर्षांचे होते आणि कोयता त्याच्या पायांशी सापडला. बाबली जीपमध्ये नव्हता.